हात खाली घेतला तरी चालतं

वडगाव, बेळगाव
मंगळवार

प्रिय करिष्मा,

पत्र बघून घाबरू नकोस. घरात सगळे ठणठणीत आहेत, तुझ्या आप्पांचा गुडघा सोडून, आणि तो काही आजचा नाही. फोन करावा तर तू "बरं आहे गं" म्हणून ठेवून देतेस आणि इकडे मागांच्या खडखडाटात मला निम्मं ऐकू येत नाही. शिवाय आप्पा समोर असले की तुझ्याशी काय बोलायचं ते मला सुचत नाही. म्हणून म्हटलं, लिहावं. हुबळी काही लांब नाही, पोस्टमन मनावर घेईल तर गुरुवारपर्यंत तुला मिळेल.

बातमी अशी की रविवारी मी पिस्तूल चालवून आले. हसू नकोस. तू नाव दिलेलं ते एक दिवसाचं शिबिर होतं ना टिळकवाडीत, स्पर्धेची नेमबाजी शिकवायचं, ते. तू नाव दिलंस तेव्हा ओमकारचं स्थळ आलेलंही नव्हतं. साखरपुडा झाल्यावर तू मला म्हणालीस, त्यांना कळव, मी येणार नाही. क्लबातून फोन आला तेव्हा मी उचलला तो तेवढंच सांगायला. तोंडातून निघालं काय, तर तिच्या जागी मी आले तर चालेल का? पलीकडचा माणूस हसला. मग म्हणाला, निम्मे जण नवखेच आहेत, या की.

आप्पांना सांगितलं तर त्यांचा घास हातातच राहिला. "आता या वयात दरोडं घालणार हाईस व्हय?" म्हणाले. मी हसले, तेही हसले. मग थोड्या वेळानं ताटाकडे बघत म्हणाले, "निपाणीकरांच्या कानावर गेलं तर?" तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

निपाणीकरांबद्दल मी वाईट बोलणार नाही. खाऊन-पिऊन सुखी घर आहे, तंबाखूची वखार आहे, ओमकारही शांत मुलगा आहे. पण त्या दिवशी बोलणी होत असताना त्याच्या आईनं पोह्याची बशी खाली ठेवत म्हटलं होतं, "लग्नानंतर ते पिस्तूल-बिस्तूल बंद हं, आमच्यात शोभत न्हाय." आप्पांनी लगेच मान डोलावली. ओमकार मोबाइलमध्ये बघत होता. आणि तू खाली बघून बोटातली अंगठी फिरवत बसलीस. मी तुझ्याकडे बघत होते. पुढे एकदा फोनवर मी विचारलं, मनासारखं होतंय ना गं सगळं? तर तू म्हणालीस, "आता काय आई, सगळं ठरलंय ना." ते वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यात कुसळासारखं रुतलंय.

बरं, शिबिराचं सांगते. आधी वाटलं, सगळी पोरं आपल्याला हसणार. पण शेजारच्या टेबलावर पिरनवाडीची अंजनी म्हणून पोलीस शिपाई होती, तिनं मला हाताला धरून खुर्ची दिली. खात्याच्या स्पर्धेत उतरायचंय तिला. म्हणाली, "आक्का, माझी आई पिस्तूल बघितलं तरी दार लावून घेत्या. तुम्ही भारी हाईसा." मग मलाही जरा भारी वाटलं. शिकवायला कोल्हापूरच्या माधवी मॅडम होत्या. अगदी बारीक आवाजात बोलतात. मला सवय ओरडून बोलायची, त्यामुळे सकाळी सकाळी माझ्या एका "काय म्हणालात?"नं सगळा हॉल दचकला.

तुला तिथली शांतता का आवडते ते मला तिथं बसल्यावर कळलं. जन्म गेला माझा खडखडाटात. माहेरी माग, सासरी माग. झोपेतसुद्धा एखादा माग बंद पडला तर जाग येते. तिथं मात्र सगळे आपापल्या रेघेवर उभे, आणि मधूनच छर्रा सुटल्याचा 'टप्' एवढाच आवाज. पहिल्यांदा मला घाबरल्यासारखं झालं. मग हळूहळू माझाच श्वास मला ऐकू यायला लागला. किती वर्षांनी ऐकला कोण जाणे.

उभं राहायला शिकवलं, धरायला शिकवलं, बोट घोड्यापासून लांब ठेवायला तर शंभरदा शिकवलं. एका हातानं पिस्तूल धरायचं आणि दुसरा हात खिशात घालायचा, म्हणजे तो लुडबुड करत नाही. आता साडीला खिसा कुठला? मी तो निऱ्यांत खोचला. मॅडम म्हणाल्या, उत्तम. नेम धरताना पिस्तुलाच्या टोकावरची कांडी ठळक दिसायला हवी म्हणे, आणि समोरचा काळा गोल अंधुक. मला वाटायचं, ज्याला मारायचं त्याच्याकडेच बघायचं ना! आणि हात हलतो म्हणून मी रडकुंडीला आले तर म्हणाल्या, काकू, हात सगळ्यांचाच हलतो, मेडल घेणाऱ्यांचासुद्धा. तुझा पण हलतो का गं? कधी सांगितलं नाहीस.

जेवणानंतर खरी स्पर्धा लावली. घड्याळ लावलं, प्रत्येकाला आपापला कागद. माझे पहिले काही छर्रे कागदावर कुठं ना कुठं लागले, त्यामुळे मी जरा चढले. मग एकदा हात वर घेतला आणि नेम काही केल्या बसेना. कांडी इकडे गेली, तिकडे गेली. खांदा भरून आला, डोळ्यात पाणी आलं, समोर एकाचे दोन गोल दिसायला लागले. पण खाली घेईन तर मी वडगावची कसली! आपल्यात लहानपणापासून कानावर काय पडतं? धरलंय ते पुरं करायचं. मागावर धरलेलं कापड अर्धवट टाकून उठायचं नाही. अर्धवट टाकलं तर घरात काही ना काही अर्धवट राहतं. मी दात-ओठ खाऊन घोडा दाबला. माझ्या कागदावर नवं भोक काही पडलंच नाही. अंजनी तिच्या कागदावरचं एक जास्तीचं भोक दाखवत म्हणाली, "आक्का, तुमचं दान माझ्या पदरात पडलंय बघा." सगळा हॉल हसला, मीही हसले.

माधवी मॅडम हसल्या नाहीत. माझ्या हातातलं पिस्तूल घेऊन टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "काकू, हात खाली का नाही घेतला?" मी म्हटलं, एकदा उचलल्यावर खाली कसा घ्यायचा? त्या म्हणाल्या, "नेम जमेना झाला की खाली घ्यायचा, श्वास घ्यायचा, वाटलं तर परत उचलायचा. नियमात बसतंय ते. त्यात लाज कसली?" मग म्हणाल्या, "तुमच्या करिष्माला बघा. राज्याच्या स्पर्धेत मी स्वतः बघितलंय, मागं एवढी माणसं बसलेली असायची, घड्याळ पळत असायचं, पण मनासारखं नसलं की पोरगी शांतपणे हात खाली घ्यायची. मी बाकीच्या मुलींना तिचंच उदाहरण देते."

करिष्मा, मला तिथंच खुर्चीवर बसावं लागलं. लोकांना वाटलं, काकू दमल्या. मी विचार करत होते, एवढ्या माणसांसमोर हात खाली घेणारी माझी पोरगी, घरातल्या चार माणसांसमोर का नाही घेऊ शकली? मग वाटलं, तिथं तिला कुणीतरी सांगितलंय की हे चालतं. घरात ते कुणी सांगितलंच नाही. मला माझ्या आईनं सांगितलं नाही, तिला तिच्या आईनं. कदाचित त्यांना ठाऊकच नसेल. शेवटच्या फेरीत मी तीनचारदा हात खाली घेतला, आणि एक छर्रा चक्क काळ्यात लागला. तो कागद घेऊन आलेय. तुझ्या मेडलांशेजारी लावलाय, हरकत नाही ना?

घरी आले तर मागच्या खोलीतून हातमागाचा आवाज येत होता. तुला सांगितलं नव्हतं, तुला नंतर दाखवायचं असं आप्पांनी ठरवलं होतं. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी आजोबांचा जुना हातमाग पुसून काढला, नारळ फोडला, हळद-कुंकू लावलं आणि तुझ्या लग्नाची साडी धरली. पॉवरलूमवर लेकीची साडी विणायची नाही म्हणाले. तो गुडघा घेऊन रोज मागावर पाय मारतात. साडी गडद हिरवी, लाल काठाची. निम्मी झाली आहे. आणि लेकीच्या लग्नाची साडी धरली की पुरी झाल्याशिवाय मागावरून उतरवत नाहीत, हे तुला ठाऊकच आहे. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि दिवसभराचं सगळं सांगितलं, माझी फजितीसुद्धा. माधवी मॅडम तुझ्याबद्दल काय म्हणाल्या तेही. फोनवरचं तुझं ते वाक्यही सांगितलं. माग थांबला नाही. मला वाटलं, ऐकलंच नाही.

काल सकाळी उठले तर मागच्या खोलीत आवाज नाही. जाऊन बघते तर आप्पा मागापुढे नुसतेच बसलेले. साडीवर त्यांनी आपलं धुतलेलं धोतर पांघरलेलं. कधी बसले होते कोण जाणे. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिला इचार गं. मी मान हलवली तवा तिला इचारलं न्हवतं." मी म्हटलं, आणि साडी? लोक काय म्हणतील, अर्धी साडी कापली म्हणून? तर म्हणाले, "व्हय म्हणाली तर पुरी करतो. न्हाय म्हणाली तर खण पाडतो त्येचे. खण काय कोण टाकून देत न्हाय." आणि काठावरून बोट फिरवत बसले. म्हणून हे पत्र लिहिलं, बाळ. हॉल ठरलाय, लोकांना बोलावणं गेलंय, त्याची काळजी तू करू नकोस, ते आम्ही दोघं निस्तरू. ओमकार मनापासून आवडत असेल तर तसं लिही, तुझे आप्पा दुपारीच मागावर बसतील आणि त्या पिस्तुलाचं निपाणीला जाऊन मी स्वतः बोलेन. आवडत नसेल तर तेही लिही. उत्तर येईपर्यंत आमच्याकडे हातमाग बंद आहे.

तुझीच,
एक छर्रा काळ्यात मारलेली,
आई