पट्टी सैल होते ती तुझ्या लाथेने

दादा,

कॉम्प्युटर सुरू करून ठेवलाय, तुझं काम उरकून घे. मी आईला घेऊन मावशीकडे चाललेय. तिच्या मनगटाला प्लास्टर घातलंय. डॉक्टरांना ती "जिन्यावरून पडले" म्हणत होती, मी खरं काय ते सांगून टाकलं.

तुला वाटतं, लाथ घातली की कॉम्प्युटर सुरू होतो. तुझ्या लाथेने आतली रॅमची पट्टी खाचेतून सैल होते आणि पडदा काळा राहतो. मग तू आणखी दोन लाथा हाणतोस आणि दार आपटून बाहेर जातोस. तुझ्यामागे मी झाकण उघडते, पट्टी खोडरबराने पुसते आणि टक् वाजेपर्यंत दाबून बसवते. तू परत येऊन बटण दाबतोस आणि म्हणतोस, बघ, मार पडल्याशिवाय कोणी वठणीवर येत नाही.

काल आईचा हात पिरगाळतानाही हेच म्हणालास. ती बिचारी फक्त "अरे, चिमीला बघू दे" म्हणत मध्ये आली होती. म्हणून मी कीबोर्ड तुझ्या कपाळावर हाणला. त्याची माफी मागणार नाही. मलम फ्रीजवर आहे. कीबोर्डची निखळलेली बटणं सोफ्याखाली सापडली, ती बसवलीत.

झाकणाचे स्क्रू लावलेले नाहीत. पुन्हा बंद पडला तर काय करायचं ते वर लिहिलंय. नाहीतर घाल लाथ. मारायला आता घरात तेवढा तोच उरलाय.

चिमी