बर्फ धुऊन झाल्यावर

विनिपेग, शनिवार

प्रिय श्रीरंग,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार. आमच्या कंपनीने वैमानिकांच्या कॉफीच्या पेल्यांना नवी झाकणं आणली आहेत. ती उघडत नाहीत आणि उघडली तर मिटत नाहीत. पंचवीस वर्षांच्या निष्ठेचं हे फळ! तू कॅल्गरीत बसून आम्हा वैमानिकांच्या परीक्षा घेतोस, तुझा कप चिनी मातीचा. तुला हे दुःख कळायचं नाही.

मंगळवारी सकाळी उणे एकतीस होतं. पंखांवर बर्फ, धुण्याच्या रांगेत चाळीस मिनिटं. एरवी इंजिनं सुरू झाली की आपण पंखांच्या झडपा, म्हणजे फ्लॅप्स, लगेच उघडतो. बर्फ धुवायचा असला की मात्र मिटलेल्याच ठेवतो, धुऊन झाल्यावर उघडू म्हणून. मागे ठेवलेलं ते काम मागेच राहिलं. सहवैमानिक नोरीन फ्रीसन होती, जिभेची तिखट. तिने यादी वाचली, "फ्लॅप्स?" मी म्हणालो, "पाच," म्हणजे उड्डाणापुरत्या उघडल्या आहेत. वाईच्या पाठशाळेत रुद्र असाच म्हणायचो मी, तोंड चालू, चित्त घाटावर.

धावपट्टीवर इंजिनांना जोर दिला आणि धोक्याचा भोंगा केकाटला. जेमतेम सरकलेलं विमान थांबवलं. मागे एकशे सव्वीस माणसं होती. नोरीन म्हणाली, "कॅप्टन, झडपा मिटलेल्या आहेत." मग जरा वेळाने, "तुम्ही पाच म्हणालात, मी बघितलंच नाही. आपण दोघं मिळून एक शहाणा माणूस होत नाही हो."

झडपा उघडल्या, परत रांगेत लागलो, व्यवस्थित उडालो. चूक मी स्वतःच लिहून कळवली. सगळे फार गोड वागतायत. "अशा थंडीत कुणाचंही होतं, हेरंब," म्हणतात. ऐकून ऐकून थकलोय. झोपून उठलो तरी थकलेलाच असतो.

येत्या गुरुवारी सिम्युलेटरमध्ये माझी परीक्षा तुझ्याकडे आहे, म्हणून हे पत्र. मैत्रीखातर मला पास करू नकोस. मी न बघताच बोललो, असं सगळे धरून चालले आहेत, आणि मीही तसंच लिहून दिलंय. ते खरं नाही. मी बघितलं होतं, श्रीरंग. झडपांचा काटा पाचवर दिसला होता. आजही डोळ्यांसमोर आहे. पुन्हा तसाच दिसला, तर तो खरा की खोटा हे मला कळणार नाही. मला भीती वाटते.

तुझाच,
हेरंब