जोखमीच्या रकान्यात मनूआजोबा

लालबाग, मंगळवार

तीर्थस्वरूप मनूआजोबांना,

मधुराचा साष्टांग नमस्कार. (सध्या कागदावरच आडवी पडले आहे असं समजा, भेटलात की खरोखर वाकेन.) तुमचा गुडघा कसा आहे? बेबीआजींची साखर आटोक्यात आहे ना, की लाडवांचा डबा त्या अजून तुमच्या औषधांमागे लपवतात? इकडे सगळे खुशाल. तुमचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे आजोबा, एक्याऐंशीचे झाले, दात सोडले तर सगळं शाबूत आहे, आणि हट्ट तर नवाकोरा आहे.

लालबागहून वडाळ्याला कोणी पत्र लिहितं का, असं तुम्ही म्हणाल. लिहावं लागतं. तुम्ही फोन उचलत नाही आणि घरच्या ग्रुपमधून तर चार वर्षांपूर्वीच बाहेर पडलात. तुम्ही वडाळ्याला निघालात त्या वर्षीच्या गणपतीत आजोबांनी देवापुढच्या गाऱ्हाण्यात घुसडलं होतं, "लालबाग सोडून वडाळ्याक बिऱ्हाड हलवची दुर्बुद्धी कोणाक सुचली आसात, तर ती दूर कर रे म्हाराजा!" आणि डोळे मिटून बसलेले तुम्ही सवयीने सगळ्यांत मोठ्यांदा "होय म्हाराजा!" म्हणालात. मीही हसले होते. तेव्हा सोळा वर्षांची होते, अक्कल बेतानेच होती. पण विषय तो नाही. (आहे. पण थोडा पुढे.)

विषय आहे माझ्या कॉलेजच्या प्रोजेक्टचा. शेवटच्या वर्षाला डिजिटल प्रोजेक्ट करावा लागतो आणि त्याआधी त्याचं प्रपोजल लिहावं लागतं, म्हणजे आम्ही काय करणार, कोणासाठी, कसं, आणि त्यात जोखीम काय. आमच्या गटात मी, तुमच्याच गल्लीतली प्रिती आणि गिरगावचा सिद्धार्थ. सिद्धार्थने एका संध्याकाळी अकरा पानं तयार केली. (कॉम्प्युटरनेच केली, याने फक्त समास सारखे केले.) त्यात आम्ही अख्ख्या मुंबईची पार्किंगची समस्या सोडवत होतो. आमच्या तिघांच्या घरांत मिळून एक सायकल आहे, तीही पंक्चर. मीनाक्षी मॅडमनी पानं चाळली आणि एवढंच विचारलं, "हे नक्की कोणाला हवंय?" मॅडम म्हणाल्या, नवीन आणा, नाहीतर तुम्हाला हजेरीच्या ॲपवाल्या गटात टाकते. त्या गटात आधीच नऊ जण आहेत आणि नऊही जण कायम गैरहजर असतात.

घरी येऊन मी गॅलरीत रडत बसले, तर आजोबांनी पेपर बाजूला ठेवून चौकशी केली. मी प्रपोजल म्हणजे काय ते सांगितलं. ते म्हणाले, "अगो, ह्या तर गाऱ्हाणाच! कोणाकडे मागतस त्याचा नाव आधी घी, आपली चूक कबूल कर, काय व्हया ता एकदाच सांग, आणि बदल्यात काय देतलस ता सांग. अकरा पानां ऐकाक देवाकडे तरी येळ आसा काय?"

तिथेच मला प्रोजेक्ट सापडला. आजोबांची गाऱ्हाणी कुठेच लिहिलेली नाहीत. बाबांना चार ओळी येतात, मला दोन. उद्या आजोबा नसले तर ती सगळी त्यांच्याबरोबर जातील. म्हणून ठरवलं की त्यांच्या आवाजात सगळी गाऱ्हाणी रेकॉर्ड करायची आणि कोणालाही फोनवर ऐकता येतील अशी ठेवायची, बारशाचं वेगळं, नव्या घराचं वेगळं. सिद्धार्थला हे मुळापासून समजवावं लागलं की घरातला मोठा माणूस नारळ ठेवून देवाला मोठ्याने सांगतो आणि प्रत्येक मागणीला बाकीच्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. त्याने वहीत लिहून घेतलं.

रविवारी आजोबा टोपी घालून गॅलरीत बसले. नारळाला टेकवून फोन ठेवला. त्यांनी पहिली ओळ म्हटली आणि थांबले. सिद्धार्थ म्हणाला, "ओके आजोबा." आजोबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून बसला. मग त्याने दुसऱ्या फोनमध्ये अशी सोय केली की आवाज थांबला की फोनच "होय म्हाराजा" म्हणेल. आजोबा खोकले, फोन म्हणाला होय म्हाराजा. आईने आतून विचारलं, चहा ठेवू का? होय म्हाराजा. आणखी कोणाला हवाय? होय म्हाराजा. एकूण सात कप झाले. शेवटी आजोबा वैतागून म्हणाले, "मी काय म्हातारो झालंय?" फोनने अगदी आदराने होकार दिला. आम्ही हसून लोळलो.

आजोबा हसले नाहीत. टोपी काढून म्हणाले, "मनू आसतो तर... त्याका कळता, खंय बोलाचा आणि खंय गप रवाचा." मी लगेच म्हटलं, मग बोलवा ना त्यांना. तर म्हणे, मी थोरलो, मी कित्याक बोलवू? आणि पुन्हा पेपर उघडला. मनूआजोबा, पेपर उलटा होता.

काल मी प्रपोजल आजोबांच्या पद्धतीने लिहून दिलं. आधी मॅडमचं नाव, मग अकरा पानांबद्दल माफी, मग एकच मागणं. दीड पान झालं. मॅडमनी दोनदा वाचलं. फक्त 'जोखीम' या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे मी खरं ते लिहिलं होतं, 'होय म्हणणारा माणूस रुसला आहे.' मॅडम म्हणाल्या, शनिवारपर्यंत त्याचं नाव आणि सही आणा, प्रोजेक्ट मंजूर.

आमचा तुमच्यावर काही दबाव नाही. तब्येतीला जपा. बेबीआजींना नमस्कार.

तुमची,
मधुरा

ता. क. तुमचं नाव मी आधीच लिहून टाकलंय, 'प्रतिसाद विभाग प्रमुख' म्हणून. सहीची जागा तेवढी कोरी आहे. फॉर्म सोबत आहे.

ता. क. २. हे पत्र घेऊन प्रिती दारात उभी आहे ती पाणी प्यायला नाही. सही घेतल्याशिवाय ती हलणार नाही, तेव्हा तिला निदान बसायला सांगा.

ता. क. ३. हे पत्र मी चोरून लिहीत होते, पण आजोबांनी मागे उभं राहून सगळं वाचलं. ओरडतील असं वाटलं होतं. ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, लिही. त्यांनी सांगितलं तसंच लिहिते आहे:

"बा देवा म्हाराजा, चार वर्सांमागे तुझ्या आड रवान मी माझ्या भावाक वाकडा बोललंय. चूक माझी, ती पदरात घी. त्याच्या गुडघ्याक बळ दी, आणि येत्या शनिवारी चार वाजता त्याका लालबागाक घेवन ये रे म्हाराजा!"

खालची ओळ त्यांनी कोरी सोडायला सांगितली आहे.

.................................