भादव्यातलं विमान

दादा, आईच्या कंबरेला कधीच काही झालेलं नव्हतं. हे मला गेल्या भादव्यात कळलं आणि अजून ते पचलेलं नाही. बसल्या बसल्या आठवतं आणि तोंडाचा आ होतो. ज्या कंबरेसाठी मी सातवीत असताना आडावरून पाणी आणलं, शाळेतून आल्याबरोबर दप्तर फेकून तिळाचं तेल कोमट केलं, चोळून चोळून माझे अंगठे दुखले, ती कंबर ठणठणीत होती! आणि तुम्ही पडवीत बसून, अडकित्त्याने सुपारी कातरत, गंभीर चेहऱ्याने मला सांगत होता, "हळू चोळ, आत्ताच दवाखान्यातून आलीय ती." दादा, बाप असलात तरी समोर असतात तर कडाकडा भांडले असते. नाहीत म्हणून लिहितेय.

पण सगळं पहिल्यापासून सांगायला पाहिजे, कारण तुमच्या वेळी यातलं काहीच नव्हतं. आता विमानाचं तिकीट घरबसल्या संगणकावर निघतं, आणि त्याचा भाव रोज बदलतो. मोंढ्यात मोसंबीचा कसा सकाळी एक आणि दुपारी एक असतो, बिलकुल तसा. ऑफिसातल्या माझ्या मैत्रिणीने मला यातली सगळी गोम शिकवली. तिकीट लवकर काढायचं, शनिवार-रविवार टाळायचे, दिवाळी आणि मे महिन्याकडे तर ढुंकूनही बघायचं नाही, आणि मधल्या वाराचं सकाळचं विमान धरायचं. मग डबा खाता खाता मी रोज पुण्याहून हैद्राबादचे भाव बघत बसायचे. एकदा तरी आईला विमानात बसवायचं, दोन-तीन दिवस एखादं मोठं शहर दाखवायचं, एवढंच डोक्यात होतं. म्हटलं, या बाईने जन्मात काय बघितलं? आष्टीत जन्मली, आपल्या गावात नांदायला आली, बाजाराला बदनापूर आणि फार तर लग्नाच्या बस्त्याला जालना. कंबरेसाठी हैद्राबादच्या दवाखान्यात नेलेलं, पण ते काही शहर बघणं नव्हे. हैद्राबाद निवडलं ते तुमच्यामुळे. तुमची शाळा निजामाच्या राज्यात उर्दूत झालेली, आणि मुंबई-पुण्याचं कोणी कौतुक केलं की तुम्ही नाक मुरडून म्हणायचात, "शहर एकच, हैद्राबाद. बाकीची नुसती वाढलेली खेडी." मला वाटायचं, शाळेत असताना कधीतरी बघितलं असेल तुम्ही.

आणि एक दिवस काय चमत्कार झाला कुणास ठाऊक, सप्टेंबरातल्या एका पंधरवड्याचे भाव धाडकन खाली आले. मला वाटलं संगणक बिघडला. पान बंद केलं, परत उघडलं, तरी तेच. पुण्याहून जालन्याला जायला एसटीला द्यावं लागतं त्यापेक्षा थोडंसंच जास्त! मैत्रीण ओरडली, "अगं बघत काय बसलीस, दाब ना!" मी दाबलं. परत न होणारं, तारीख न बदलणारं तिकीट. म्हणूनच तर इतकं स्वस्त.

आनंदाने भाऊला फोन केला. तुमचा लेक आता अगदी तुमच्यासारखाच बोलतो, आधी गप्प बसतो आणि मग एकदम तोडतो. म्हणाला, "कॅलेंडर बघितलं का?"

"बघितलं की. एकही सुट्टी नाही."

"तारखा बघितल्या आसतील. खालची तिथी बघ. पितृपंधरवडा हाय बाई तो. आन त्यात तुमी तिकडं आसताल तव्हा अष्टमी हाय. दादाची तिथ. त्यांच्या नावानं हितं पान वाढायचं आन आई इमानात? भावकीला काय तोंड दाखवू? फाडून टाक ते तिकीट."

मी कॅलेंडर डोळ्यांजवळ धरून बघितलं. खरंच अष्टमी. खरं सांगते दादा, लाल चौकोन टाळता टाळता खालचं बारीक अक्षर वाचायचं मी कधी सोडलं, मलाच कळलं नाही. दरवर्षी तुमच्या तिथीला भाऊ फोन करायचा तेव्हा मला समजायचं. तुमच्याच तिथीला, तुमच्याच बायकोला, सहलीला नेण्याचं तिकीट मी काढून बसले होते. आणि तिला तर मी आधीच सांगून ठेवलं होतं, आई, यंदा विमान! आता नाही म्हणायला फोन पुरणार नव्हता. म्हणून गावाकडे गेले.

आई चुलीपुढे होती. गॅस आहे घरात, पण भाकरी तिला चुलीवरच लागते. भाऊ मोसंबीच्या बागेत गेलेला. मी पाटावर बसले आणि सरळ सांगून टाकलं, "आई, चुकलं माझं. मी पित्तरातलं तिकीट काढलं. स्वस्त दिसलं आणि भुलले. ते गेलं समज. पुढच्या वर्षी बघू."

तिने भाकरी तव्यात टाकली, वरून पाणी फिरवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पित्तरात स्वस्तच आस्तंय माय. हैद्राबादला जायाचं ते तव्हाच."

"तुला काय माहीत?"

"मला न्हाई तर कोणाला? चार-पाच येळा गेल्ते की."

दादा, ती भाकरी करपली. मला वाटलं, वय झालं, काहीतरी घोळ होतोय हिचा. "दवाखान्यात ना? कंबरेच्या डॉक्टरकडे?" असं मीच तिला आठवण करून दिली. त्यावर ती जी हसायला लागली! पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. "कहाचा डाक्टर आन कहाची कंबर! तुह्या दादाहीनं काढल्यालं ते सोंग. बायकूला घिऊन हिंडाया गेला म्हणले आस्ते तर भावकीनं जगू दिलं नस्तं. आजारी बायकूला घिऊन गेला म्हणल्यावर समदे शिदोरी बांधून देत्यात."

मला आठवतं, सातवीचं वर्ष आहे. शाळेची सहल वेरूळला चाललीय. मी तुमच्यासमोर उभी आहे, हात मागे बांधून, आणि तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणताय, "हिंडणं हे रिकामटेकड्यांचं काम. घरची कामं काय वेरूळचे लोक येऊन करणार?" मी कोठीत जाऊन मोसंबीच्या करंड्यांमागे बसून रडतेय. आणि त्याच भादव्यात, मोठ्या काकांकडचं पितरांचं जेवण उरकलं की तुम्ही बदनापूरला छोट्या रुळांच्या गाडीत बसता, शेजारी आई कंबरेवर हात ठेवून वाकून चालतेय, आणि आत्या आम्हाला सांभाळायला आलीय. परत येताना माझ्यासाठी लाखेच्या बांगड्या आणल्यात, खड्यांच्या, चमचमणाऱ्या. मी विचारते, दवाखान्यात बांगड्या? आणि तुम्ही एक क्षणही न अडखळता म्हणता, "दरवाज्यातच बसतात विकणारे."

दरवाज्यात! अहो दादा, चारमिनारजवळच्या लाड बाजारात बसतात ते! आईने मला चुलीपुढे सगळा नकाशा सांगितला. काचीगुड्याच्या स्टेशनात उतरलं की कुठली बस, कुठल्या लॉजमध्ये गच्चीवरची खोली, कुठल्या इराण्याकडे चहा. पितृपंधरवड्यात लगीन न्हाई, खरेदी न्हाई, कोणी घराबाहेर पडत न्हाई, म्हणून लॉजवाला रस्त्यात येऊन हाका मारायचा आणि बांगडीवाला निम्म्यात द्यायचा. गाडीत पाय पसरून झोपायला मिळायचं. माझ्या मैत्रिणीने मला जे संगणकावर शिकवलं ते तुम्ही कधीचंच पाठ करून बसला होता. आणि तेल चोळताना आई कण्हायची ते? ते खरंच होतं म्हणे. चारमिनारच्या पायऱ्या चढून चढून अंग धरलेलं असायचं.

मी म्हटलं, "पण पित्तरात? तुम्हाला भीती नाही वाटली?"

"मला वाटायची. पर तुहे दादा म्हणायचे, पितर काय परके हायेत का? आपल्याच घरचे. त्येंच्यातल्या कितीकाचं हैद्राबाद बघायचं ऱ्हाऊन गेलं आसंल, चलू दे बराबर."

हे तुम्ही म्हणालात? तुम्ही? ज्यांनी मला परीक्षेच्या आधी दही खाल्ल्याशिवाय उंबरा ओलांडू दिला नाही, ते? मला तुमचा राग आला, फार राग आला. वेरूळचा राग होताच, पण त्याहून जास्त याचा, की असा मजेचा माणूस आमच्या घरात होता आणि आम्हाला त्यातला नुसता धाकच दिला. थट्टा, हिंडणं, चहा, सगळं तिला. मी हे आईला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "मंग काय तुमाला समद्यांना घिऊन गेलो आस्तो तर सोंग चाललं आस्तं का?"

मग तिने निखारे मागे ओढले. "शेवटच्या येळी," ती म्हणाली, "बेगमपेठला नेल्तं. इमानतळाची भिंत हाय, तिच्या भायेर उभं राह्यलो. इमान आलं ते इतकं खालून, की मव्हा पदर उडून गेला डोक्यावरला. मी भ्याले. तर हे म्हणले, भिऊ नको, पुढच्या भादव्यात आपण ह्येच्यातून येऊ, आन कोणीतरी भिंतीपाशी उभं राहून आपल्याकडं बघंल. मंग तो भादवा आलाच न्हाई. आदीच गेले." तिने फुंकणी खाली ठेवली. "मी जानार हाय बाई. ते तिकीट फाडू नको."

तेवढ्यात अंगणात भाऊच्या चपला वाजल्या. आणि दादा, माझ्या डोळ्यांदेखत तुमच्या बायकोने एक हात जमिनीवर टेकला, दुसरा कंबरेवर ठेवला आणि "आई गं, आई आई" करत उठायला लागली. भाऊचा चेहराच उतरला. "काय झालं?" "जुनंच दुखणं हाय बाबा. पुन्हा उठलंय. त्या हैद्राबादच्या डाक्टराच्याच हातानं गुण येतोय." भाऊने माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं आणि त्यातून जे निघालं त्याने मीच चकित झाले. "तेवढ्यासाठीच तर ते तिकीट होतं. तारीख मिळालीय डॉक्टरांची. अवघड मिळते. अष्टमीचीच मिळाली, काय करणार?" अगदी तुमचा आवाज. बिचाऱ्या भाऊने तिला हाताला धरून बाजेवर बसवलं आणि म्हणाला, "मंग जा. जल्दी जा. दादाचं पान मी वाढतो." निघताना त्याने स्वतः फडक्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली.

हैद्राबादला जायला आधी उलटं पुण्याला यायचं, यावर आई वाटभर हसत होती. विमानात मात्र ती एकदम शांत. खिडकीची जागा तिला दिली. उतरायची वेळ झाली तसं ती काचेला नाक लावून खाली बघायला लागली. घरं, रस्ते, पाण्याचा मोठा तलाव, मग एकदम झाडं आणि एक लांबलचक भिंत. भिंतीबाहेर माणसं होती की नाही, मला दिसलं नाही. पण आईने दोन्ही हातांनी डोक्यावरचा पदर गच्च धरला. बंद विमानात, जिथे वाऱ्याची झुळूकही नव्हती, तिथे. चाकं टेकली तरी सोडला नाही. मला हुंदका आला, आणि पलीकडच्या माणसाला वाटलं मी विमानाला घाबरले.

अष्टमीच्या दिवशी सकाळी मी तिला एका चांगल्या हॉटेलात न्याहारीला नेणार होते, तिने ऐकलं नाही. मला ओढत एका जुन्या इराणी हॉटेलात घेऊन गेली, खुर्ची ओढून बसली आणि पोऱ्याला म्हणाली, "एक चाय, दो कप." माझी आई! हिंदीत! तिने अर्धा चहा स्वतःच्या कपात घेतला, दुसरा कप समोरच्या रिकाम्या जागेपुढे ठेवला. जरा वेळाने माझ्याकडे सरकवला. "पी. ह्यो तुह्या दादाचा हाय. थंड झाला की त्याहीला चालायचा न्हाई." तिकडे घरी त्याच वेळी भाऊ तुमच्यापुढे कढी-वडे आणि खीर वाढत असेल. तुम्ही कुठे आला होता, हे मला चांगलं माहीत आहे.

हे पत्र मी कुठे पाठवणार? आणि घरात ठेवायचीही सोय नाही, भाऊच्या हाती पडलं तर माझी आणि आईची धडगत नाही. त्याला अजून काही माहीत नाही. तो तिला वर्षभर घागर उचलू देत नाही, तुमच्या सुनेला रोज तेल चोळायला लावतो. परवा आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली, पाऊस कसा, बाग कशी, आणि मग आवाज बारीक करून म्हणाली, "बाई, भादवा जवळ आला. मव्ही कंबर पुन्हा धरून राह्यली." मी फोन ठेवला नाही, तसाच कानाला लावून दुसऱ्या हाताने संगणक चालू केला. भाव उतरलेत. रजेचा अर्जही आजच दिला, आणि खरं सांगायचं तर दादा, कारण म्हणून त्यात मीसुद्धा कंबरच लिहिलीय.