तांब्याचा पत्रा

प्रिय ठमे,

तुझं पत्र येऊन नऊ दिवस झाले. उशीर डोळ्यांमुळे झाला नाही. ऑपरेशननंतर डोळे बरे आहेत, डॉक्टरबाई म्हणाल्या, खुशाल लिहा-वाचा. मीच चार वेळा कागद घेऊन बसलो आणि उठलो.

गेल्या आठवड्यात आमची प्रयोगशाळा रिकामी केली. मी बघायला गेलो होतो. चुंबकाची वेटोळी कापून नेली होती, आणि इलेक्ट्रॉनांचा गुच्छ जिच्यातून धावायचा ती खाचांची नळी कुणीतरी दाराला अडसर म्हणून लावली होती. सात वर्षांची असताना त्या नळीला डोळा लावून तू विचारलं होतंस, आत इलेक्ट्रॉनांना पाय जुळवायला कोण सांगतं? मी म्हटलं होतं, कुणीच नाही. ते ज्या लहरी सोडतात त्याच त्यांना ओळीत आणतात, मग सगळे एकदम ओरडतात, सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही कमी वेळ. यालाच सुपररेडियन्स म्हणतात; इलेक्ट्रॉन दहापट केले तर जोर शंभरपट. त्या दिवशी तू घरभर ओरडत फिरलीस आणि तुझ्या आईने मला फैलावर घेतलं.

त्याच वर्षी आमचा विभाग बंद करायचं जवळपास ठरलं होतं. चार वर्षं पडद्यावर नुसता गोंधळ दिसायचा. मग एका दुपारी ऑसिलोस्कोपवर त्या एकदम ओरडण्याचा स्पंद आला, सुईसारखा, दोनशे पिकोसेकंदांचा. विभागप्रमुखांनी पाठ थोपटली, मी शोधनिबंध लिहायला घेतला. तुला माहीत असलेली हकीगत इथे संपते.

तुला पितळेची शिट्टी करून देणारे आमचे मिस्त्री आठवतात? तिसऱ्या दिवशी त्यांनी लहर टिपणाऱ्या कर्ण्यापुढे तांब्याचा पत्रा धरला. तांब्यातून आमची सूक्ष्मलहर, म्हणजे मायक्रोवेव्ह, जात नाही, पडदा कोरा राहायला हवा होता. स्पंद होता तसाच आला. यंत्रातल्या ठिणगीचा गोंगाट केबलच्या सैल जोडातून आत शिरत होता, एवढंच. मिस्त्री हळूच म्हणाले, “साहेब, हे आपलं नाही.” मी जोड घट्ट केला. स्पंद गेला. मग मिस्त्रींच्या देखतच मी तो जोड पुन्हा सैल केला.

निबंध छापून आला. विभाग वाचला, अकरा जणांच्या नोकऱ्या राहिल्या, त्यात माझीही. मिस्त्रींनी महिन्याभरात बदली मागून घेतली. जाताना त्यांनी माझ्याशी हात मिळवला नाही. हातात हत्यारांची पेटी होती म्हणून, अशी मी इतकी वर्षं समजूत घालून घेतली. परवा त्यांच्या मुलाला फोन केला. ते चार वर्षांपूर्वीच गेले. तुझी आईही हे न कळताच गेली. तिने तर तो निबंध काचेत बसवून बाहेरच्या खोलीत लावला, आणि तू त्याच्याखाली बसून अभ्यास केलास.

तीन वर्षं तू माझ्याच नळीची मापं घेऊन तो स्पंद शोधत होतीस. दर रविवारी फोनवर विचारायचीस, बाबा, व्होल्टेज किती होतं, चुंबक कसा लावला होता, आणि मी सांगत गेलो. मनात म्हणायचो, हिचं यंत्र चांगलं आहे, हिला खराच स्पंद मिळेल आणि माझं झाकलेलं झाकलेलंच राहील. आता तू लिहितेस, “समितीने काम थांबवलं, मी राजीनामा दिला, माझ्या हातातच कसब नाही.” ठमे, तुझ्या पडद्यावर काही दिसलं नाही, कारण तू जोड नीट घट्ट केले होतेस. निबंध छापला त्या नियतकालिकाच्या संपादकांना मी काल सगळं कळवलं. त्याची प्रत सोबत आहे, ती तुझ्या मार्गदर्शकांना दाखव. तुझी जागा परत मिळेल असं वाटत नाही, ती दुसऱ्या कुणाला दिली म्हणतेस. माफी मागायला मला तोंड नाही. रविवारी फोन केला नाहीस तरी चालेल.

तुझाच,
बाबा