वहिनींच्या डोळ्यातलं भिंग

दवनीवाडा, माघ, २००८

ती. भूमेश्वरी वहिनींस जीवनलालचा नमस्कार.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनात बसवलेलं भिंग धुरकट झालं, तेव्हा मी चारचौघांत म्हणालो होतो, "वयनी आयकत नाही, चूल फुंकते. गेला धूर आत." तुम्ही फुंकणी सुनेच्या हाती दिलीत आणि तुमचा भात गॅसवर शिजू लागला.

काल गोंदियाचे डॉक्टर म्हणाले, "धुरानं असं होत नाही. भिंगच आतून बिघडलं. बाईंचा दोष नाही." माझी मान खाली गेली. तुम्ही मात्र हसलात. "आयकलं का भाऊजी? मंग दोन वरसं मले गॅसवरचा भात काऊन चारला?"

भिंग बदलताना नजर जाण्याचीही भीती आहे, म्हणून घरच्यांची सही हवी होती. मुलगा शेजारी असताना तुम्ही चाचपडत कागद माझ्याकडे सरकवलात. "भाऊजी, तुमीच करा."

मी रोज देवापुढे बसतो, पण इतकं मोठं मन मला अजून लाभलं नाही.

माफी मागायला हे लिहिलं. पण दोष सगळ्यांसमोर दिला होता, माफी पाकिटात घालून कशी देऊ? उद्या तुम्हाला ऑपरेशनसाठी आत नेण्याआधी सगळ्यांसमोरच मागेन.

तुमचा धाकटा दीर,
जीवनलाल