चाळीस दाण्यांचा डबा

सगळ्यांच्या आधी आल्या त्या माझ्या थोरल्या जाऊबाई, कौशल्याबाई. साक्षीदार अजून यायचे होते. अकरा वर्षांत त्यांनी माझा उंबरा ओलांडला नव्हता. दारातूनच म्हणाल्या, "जित्ती आहेस का? गावात म्हणून राह्यले, अंबू कागद करून राह्यली."

मी म्हटले, "बसा बाई. मेल्यावर आल्या असत्या तर चहा कोणी केला असता?"

त्या बसल्या. त्या आनंदात, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्या दाबाखाली नसताना, मी अंबूबाई, बाप्तिस्म्याचे नाव आन्ना, बेवा मोतीराम सुतार, वय अंदाजे सत्तर, तालुका मेहकर, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहिते. अक्षरे मी उतारवयात धर्मशिक्षणाच्या पुस्तकावरून शिकले. काना-मात्रा पाहू नये, अर्थ पाहावा.

कलम १. धाब्याचे घर नात पुष्पा हिला. फादर तिला फिलोमिना म्हणतात, ते नाव माझ्या उरलेल्या दातांत अडकते. फादर दोन महिन्यांनी येतात तेव्हा बाज उभी करून, ओसरी सारवून मिस्साच्या प्रार्थनेसाठी मोकळी द्यावी. क्रुसामागची वाळलेली झावळी चुलीत घालू नये. ती जाळून राखेच्या बुधवारी कपाळाला लावायची राख करतात.

कलम २. मोतीरामाने कोरलेली नाताळची गव्हाण पुष्पालाच. गाढव बकरीसारखे दिसते, कोणी सुधारू नये. बाळाखालचा कापूस शेजारचे पिंजारी फकीर मोहम्मद यांच्याकडून घ्यावा. त्यांना मी काही देत नाही, कारण साक्षीदाराला देता येत नाही असे वामनराव मास्तर सांगतात. फकीर मोहम्मद म्हणाले, "म्हणजे द्यायचं मीच, अन् सही बी माहीच."

कलम ३. करवत, रंधा, वाकस आणि पटाश्या कौशल्याबाईंचा नातू तुळशीराम यास. हे का, ते पुढील कलमात.

कलम ४. उपासाचे चाळीस दिवस मी ज्वारीवर मोजते. राखेच्या बुधवारी डब्यात चाळीस दाणे, रोज एक चिमण्यांना. रविवार उपासाचा नाही, त्या दिवशी दाणा काढायचा नसतो. अकरा वर्षांपूर्वी मला वाटले, चिमण्या काय रविवारी उपाशी राहतील? रविवारीही टाकत गेले. डबा रिकामा झाला तो नेमका रविवारी, म्हणून मी वस्तीत सांगितले, आज ईस्टर. बकरे शिजले. तेवढ्यात फादर बैलगाडीतून शिंदीच्या झावळ्या घेऊन उतरले. तो झावळ्यांचा रविवार होता, ईस्टरला अजून आठवडा होता. पातेल्यात डोकावून म्हणाले, "अंबूबाई, त्याला अजून क्रुसावर चढवला नाही, तुम्ही उठवलासुद्धा?"

सगळे हसले. कौशल्याबाई हसल्या नाहीत. तुळशीराम तापाने पडला होता, ईस्टरपर्यंत फक्त मीठ-भाकर खाईन असा त्यांचा नवस होता. माझ्या शब्दावर त्यांनी तो मोडला. सोमवारी पोराचा ताप चढला. पोरगा वाचला, आज मिशा आहेत त्याला. पण त्यांचा तो आठवडा कसा गेला, हे मी कधी विचारले नाही. उलट सांगत फिरले की डब्याला भोक होते.

डब्याला भोक नव्हते. चूक माझी होती. माफ करा.

मास्तर म्हणाले, "माफी हे कलम होत नाही." मी म्हटले, "मग काय होते? बाकी तर सगळी लाकडेच आहेत."

कलम ५. मृतांच्या दिवशी आम्हा दोघांच्या मातीवर मेणबत्ती एकच लावावी. आम्ही एका दिव्यात संसार केला.

हे सर्वांसमोर मोठ्याने वाचले. दोनदा सगळे हसले, मग सह्या झाल्या.

अंबूबाई, सही माझी
साक्ष : वामनराव मास्तर
साक्ष : फकीर मोहम्मद पिंजारी
तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा, मध्यप्रांत व वऱ्हाड
१९ मार्च १९३८, शनिवार, संत योसेफाचा सण

सहीनंतरचे : डबा कौशल्याबाईंना लिहिणार होते, पण त्यांनी तो फळीवरून स्वतःच उचलला. आजचा दाणा टाकला, उरलेले मोजले. चोवीस. पदराखाली घेतला. फकीर मोहम्मद म्हणाले, "आमच्या ईदले चांद तरी दिसते, बाई."

मी म्हटले, "ईस्टरले तुळशीरामाले घेऊन जेवायला या."

"कोणत्या? तुह्या का फादरच्या?"

"आता डबा तुमच्याजवळ आहे."

त्यांनी बोटांवर रविवार वगळून मोजले, आणि १७ एप्रिलला येते म्हणाल्या.